दोघांचा कंपू

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

'कंपू' हा शब्द आपण सहज वापरतो. कट्ट्यावर चार जण जमले की लोक म्हणतात, आला बघा यांचा कंपू. त्यात थोडी टिंगलही असते. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी हा शब्द भलताच वजनदार होता. महादजी शिंद्यांनी युरोपियन अधिकारी नेमून जी कवायती फौज उभी केली, तिच्या एकेका ब्रिगेडला कंपू म्हणत. हजारो शिपाई, त्यांच्या तोफा, दारूगोळ्याचे गाडे, बैल, असा सगळा पसारा म्हणजे एक कंपू. पुढे मराठीनं त्यातले बैल आणि तोफा काढून टाकल्या आणि सोबत तेवढी शिल्लक ठेवली. आज ज्या छंदाविषयी मी बोलणार आहे, त्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच टेबलावर येतात. छोट्या शिपायांचा युद्धखेळ हा तो छंद. इंग्लंड-अमेरिकेत त्याला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात.

हा खेळ आहे तरी काय? एक मोठं टेबल घ्यायचं, साधारण सहा फूट बाय चार फूट. त्यावर डोंगर, नदी, गाव, झाडी मांडायची. इंच-सव्वा इंच उंचीचे शिपाई हातानं रंगवायचे, त्यांच्या दोन फौजा करायच्या आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन मित्रांनी उभं राहायचं. शिपाई किती सरकणार हे मोजपट्टीनं ठरतं, गोळी लागली की नाही हे फाशांनी. बुद्धिबळात चौकोन असतात, इथं नसतात. बुद्धिबळात राजा हरवला तर त्याच्या जागी बटण ठेवून डाव चालू ठेवता येतो. इथं मात्र शिपायाचा चेहरा, त्याचं पागोटं, त्याच्या पायाखालची माती, सगळं आपण स्वतः केलेलं असतं. म्हणून हा निम्मा खेळ आणि निम्मी कला आहे. खेळायला एक संध्याकाळ पुरते, करायला महिने लागतात.

आपल्याकडच्या श्रोत्यांना हे फार परकं वाटू नये. दिवाळीत अंगणात किल्ला केलेला कोण नाही? आमच्या घरी दिवाळी नसायची, पण आळीतल्या किल्ल्यात माझा वाटा असायचा. माती चाळणं, पोत्यावर चिखल थापणं आणि उतारावर हळीव-मोहरी पेरणं ही कामं माझ्याकडे. किल्ल्यावरचे महाराज वीतभर, मावळे बोटभर आणि वाघ दरवाजाहून मोठा, अशी आमची मापं असत. युद्धखेळवाले इथं पहिला प्रश्न विचारतील, तुमचं प्रमाण काय? पंधरा मिलिमीटर की अठ्ठावीस? कारण एकदा शिपायाची उंची ठरली की घराचं दार, झाडाची उंची आणि नदीचं पात्र त्या मापात बसवावं लागतं. बाकी दोन्हीकडची हौस सारखीच.

या खेळाचं घराणं जुनं आहे. बुद्धिबळ त्याचा आजोबा. आपलं चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ, इराणात गेलं, शतरंज झालं, आणि 'शह' आणि 'मात' हे शब्द घेऊन मराठीत येऊन बसलं. बाप मात्र जर्मन. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या प्रशियन गृहस्थानं आपल्या राजासाठी एक टेबल बनवलं. त्याच्या खणांत प्लॅस्टरचे डोंगर-नद्यांचे तुकडे होते. ते हवे तसे जोडायचे आणि त्यावर पलटणी हलवायच्या. १८२४ मध्ये त्याच्या मुलानं, जो तोफखान्यात अधिकारी होता, त्यात फासे, पंच आणि नकाशे आणून रीतसर नियम छापले. प्रशियाच्या सेनाप्रमुखानं तो पाहिला आणि हा खेळ नसून युद्धाचं शिक्षण आहे, असा निर्वाळा दिला. तिथून तो बराकीत गेला. मला रस आहे तो बराकीतून पुन्हा घरात आलेल्या खेळात.

तो घरात आणला लेखकांनी, ही गोष्ट मला कवी म्हणून फार आवडते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन छातीच्या विकारानं आजारी होता. हवापालटासाठी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला राहायचा. सोबत बायको आणि तिचा आधीच्या लग्नाचा मुलगा, लॉइड. १८८१-८२ च्या हिवाळ्यात या दोघांनी घराच्या माळ्यावर खडूनं एक अख्खा देश काढला. डोंगर, नद्या, गावं, बऱ्यावाईट रस्त्यांना वेगवेगळे रंग. त्यावर शिशाच्या शेकडो शिपायांच्या फौजा हलायच्या. बाहेर बर्फ, आत वाकल्याशिवाय वावरता येणार नाही असा माळा, आणि एक तिशीतला आजारी लेखक आणि एक तेरा वर्षांचा मुलगा आठवडेच्या आठवडे एकाच मोहिमेत गुंतलेले. स्टीव्हन्सन त्या लढायांच्या बातम्या वर्तमानपत्री थाटात लिहायचा. काल्पनिक वृत्तपत्रं, त्यांचे भांडखोर बातमीदार, सेनापतींवर टीका, सगळं काही. ही टिपणं त्याच्या मृत्यूनंतर, १८९८ मध्ये, लॉइडनं एका मासिकात छापून आणली.

याच जोडीचा आणखी एक उद्योग होता. लॉइडकडे हातानं चालवायचं छोटं छापखान्याचं यंत्र होतं. स्टीव्हन्सननं लाकडात चित्रं कोरली, त्यांना विनोदी पद्यं जोडली आणि मुलानं ती छापून ओळखीच्यांना थोड्या पेनींना विकली. आणि 'ट्रेझर आयलंड' तरी कुठून आलं? त्याआधीच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमध्ये पावसानं घरात कोंडलेले हे दोघं रंगपेटी घेऊन बसले होते, त्यातून एका बेटाचा नकाशा निघाला आणि नकाशातून कादंबरी. नकाशा आधी कोणी काढला, यावर दोघांच्या सांगण्यात फरक आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. मनापासून वाटून घेतलेल्या कामात कोणती रेघ कोणाची, हे नंतर सांगता येत नाही.

दुसरा लेखक एच. जी. वेल्स. 'टाइम मशीन'वाला. १९१३ साली त्यानं 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं आणि आधुनिक छंदाचा पाया घातला. खेळणाऱ्याच्या वयाची मर्यादा त्यानं उपशीर्षकातच बारापासून दीडशे वर्षांपर्यंत ठेवली. त्या पुस्तकातला खेळाच्या जन्माचा भाग वाचण्यासारखा आहे. जेवणानंतर एका मित्रानं लहान मुलाची स्प्रिंगची तोफ उचलली, नेम धरला आणि समोरचा शिपाई पाडला. मग त्यानं फुशारकी मारली आणि आव्हान दिलं. वेल्स या मित्राची फक्त जे. के. जे. अशी आद्याक्षरं देतो, पण तो 'थ्री मेन इन अ बोट'चा विनोदी लेखक जेरोम असावा, असंच सगळे मानतात. पुढं आणखी एका मित्रानं सुचवलं की नुसतं मोकळ्या सतरंजीवर काय लढता, घरं-टेकड्या हव्यात. म्हणून ज्ञानकोशाचे जाडजूड खंड जमिनीवर मांडले गेले. मग हालचालीला वेळ लावला, पायदळाला एका चालीत एक फूट आणि घोडदळाला दोन फूट दिले, तोफेजवळ चार माणसं असल्याशिवाय ती उडणार नाही असं ठरलं. नियमांचं ते छोटंसं पुस्तक वाचताना जाणवतं की जवळजवळ प्रत्येक नियमावर कोणा ना कोणा मित्राच्या बोटांचा ठसा आहे. एकट्या वेल्सला हे सुचलं नसतं, कारण एकट्याला त्याची गरजच पडली नसती.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. शिपाई स्वस्त झाले ते विल्यम ब्रिटन या इंग्रज खेळणीवाल्यामुळे. १८९३ पासून त्यानं शिशाचे शिपाई आतून पोकळ ओतायला सुरुवात केली, म्हणजे धातू कमी आणि किंमतही कमी. १९६२ मध्ये साउदॅम्प्टनच्या डोनाल्ड फेदरस्टोन या फिजिओथेरपिस्टनं 'वॉर गेम्स' हे पुस्तक काढलं. दुसऱ्या महायुद्धात तो रणगाडा दलात होता. त्याच्या पुस्तकात प्राचीन काळाच्या लढाईचे नियम टोनी बाथ या त्याच्या मित्राचे, म्हणजे टेबलापलीकडच्या प्रतिस्पर्ध्याचे आहेत. १९७५ मध्ये लंडनला तीन मित्रांनी राहत्या फ्लॅटमधून खेळांचे लाकडी पट बनवायला सुरुवात केली. ती त्यांची कंपनी, गेम्स वर्कशॉप, डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या शंभर नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. छोटे शिपाई आज प्लॅस्टिकचे मिळतात, शिसं नसलेल्या मिश्रधातूचे मिळतात, आणि घरच्या त्रिमितीय छपाईयंत्रावरही निघतात.

शिपाई सहज मिळू लागले आणि तिथूनच या छंदाचा खरा रोग सुरू झाला. या मंडळींत एक जुना विनोद आहे, शिशाच्या डोंगराचा. हौशी माणूस आज नेपोलियनची फौज आणतो, पुढच्या महिन्यात रोमन, त्यानंतर जपानी सामुराई. रंगवून होतात त्यातले दहा-बारा. बाकीचे डब्यात. वर्षानुवर्षं साठलेल्या त्या न रंगवलेल्या ढिगाला ते शिशाचा डोंगर म्हणतात. आपल्याला हा डोंगर ओळखीचा आहे. कोणाकडे तो न वाचलेल्या पुस्तकांचा असतो, कोणाकडे अर्ध्या विणलेल्या स्वेटरांचा, आणि कवींकडे पहिल्याच ओळीवर थांबलेल्या वह्यांचा. यावर उपाय दोनच. बेत बेताचा आखा, आणि त्या बेतात एक मित्र घ्या. हे मी ऐकीव सांगत नाही. माझा एक मित्र चित्रकलेचा निवृत्त शिक्षक आहे. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, आता दोघंही अठ्ठावन्न. त्याच्या मुलीनं इंग्लंडहून अशा शिपायांची एक पेटी आणून दिली, आणि गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी मिळून एक लढाई मांडायची ठरवली. असईची.

असई का, हे सांगायला हवं. ब्रॉन्टी भावंडांची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. १८२६ साली यॉर्कशरच्या एका धर्मोपदेशकानं आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. तिघी बहिणींनी आणि भावानं ते वाटून घेतले, त्यांना नावं दिली, त्यांच्यासाठी राज्यं वसवली, आणि त्या राज्यांचा इतिहास नखाएवढ्या अक्षरांत छोट्या छोट्या पुस्तकांत लिहिला. पुढं 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' लिहिणाऱ्या मुलींची लेखणी अशी शिपायांवर घासून तयार झाली. त्यातल्या शार्लटनं आपल्या शिपायाला नाव दिलं होतं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभा ठाकलेला. यॉर्कशरच्या त्या लाकडी शिपायाच्या नावामागं आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळचं एक गाव आहे, हे कळल्यावर आम्हाला दुसरी लढाई शोधावी लागली नाही. इंग्लंडात युद्धखेळवाले ही लढाई आवडीनं मांडतात. आपल्याकडे ती पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत उरकते.

लढाई आहेही तशीच. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ती झाली. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, इथं नदीला उतार नाही. पण त्याला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली. एवढ्या जवळच्या दोन गावांत येणं-जाणं असणारच, म्हणजे उतारही असणार, असा हिशेब करून तो नदी उतरला. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन होता. इंग्रज बाजूनं आलेले पाहताच त्यानं आपली सगळी रांग वळवून नव्या दिशेला तोंड करून उभी केली. हे काम हजारो माणसांकडून ऐन धुमश्चक्रीच्या तोंडावर करून घेणं किती अवघड, ते टेबलावर चाळीस शिपाई वळवताना समजतं. शंभराच्या आसपास तोफा होत्या, आणि त्यांच्यावरचे गोलंदाज हटले नाहीत. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, आणि इंग्रजांची रांग पुढं गेल्यावर उठून त्यांनी तोफा उलट फिरवल्या. लढाई वेलस्लीनं जिंकली, पण त्याचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १,६०० जण झाले. ऐन लढाईत उतरलेल्यांचा हा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा आकडा. पुढं वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाला म्हातारपणी कोणी विचारलं की तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर त्यानं 'असई' एवढंच उत्तर दिलं, अशी आख्यायिका आहे.

आणि 'गोलंदाज' हा शब्द बघा. फारसीतून आलेला, गोळा टाकणारा. आज तो आपल्याला फक्त क्रिकेटच्या मैदानावर दिसतो. असईला तो तोफेजवळ उभा होता.

आता बेत कसा आखला ते सांगतो, कारण या छंदात खरी मेख तिथंच आहे. शिंद्यांचं कवायती पायदळ होतं सुमारे १०,८००. युद्धखेळात एका शिपायामागं किती खरी माणसं धरायची, हे आधी ठरवतात. एकाला वीस धरले तर शिंद्यांच्या नुसत्या पायदळाचे ५४० शिपाई झाले. एक शिपाई रंगवायला तासभर लागतो असं धरू. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास, दोघं बसलो, म्हणजे आठवड्याला आठ तास. ५४० ला आठानं भागा. सदुसष्ट आठवडे, म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त. त्यात तोफा नाहीत, घोडदळ नाही, आणि समोरचे इंग्रज तर नाहीतच. एकाला पन्नास धरले तरी पायदळाचेच २१६ उरतात. मित्र म्हणाला, ''शायर, एवढे रंगवायचे तर मला पुन्हा नोकरीवर घ्यायला सांग, म्हणजे पोरांना कामाला लावतो.''

मग आम्ही लढाई लहान न करता तिचा तुकडा लहान केला. हा फरक महत्त्वाचा आहे. अख्खी असई नको, असईतला एक कोपरा पुरे. चार तोफा, प्रत्येक तोफेवर चार गोलंदाज, म्हणजे सोळा. त्यांच्या पाठीशी सोळा पायदळ. समोरून चालून येणारे चोवीस हायलँडर. दोन्हीकडे एकेक घोड्यावरचा अधिकारी. झाले अठ्ठावन्न. आठवड्याला आठ तासांच्या हिशेबानं सव्वासात आठवडे, आणि टेबलासाठी महिना. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बसलो तर २३ सप्टेंबरला, लढाईच्याच तारखेला, डाव मांडता येतो. या छोट्या खेळात एका शिपायामागं एकच माणूस धरायचा. उर्दूत तरही मुशायरा असतो. त्यात एक ओळ आधी ठरवून दिलेली असते, तिच्याच वृत्तात आणि काफियात सगळ्यांनी गझल लिहायची, आणि मुशायऱ्याची तारीख पक्की असते. ओळ ठरलेली आणि दिवस ठरलेला, मग आळशी शायरही लिहितो. आमच्या बेताला हेच दोन खिळे होते, अठ्ठावन्न हा आकडा आणि ती तारीख.

तिसरा खिळा मित्रानं ठोकला. तो म्हणाला, ''आपली फौज आपण रंगवायची नाही. तू माझी रंगव, मी तुझी रंगवतो.'' नाणं उडवलं. शिंद्यांचे गोलंदाज त्याच्याकडे गेले आणि मी वेलस्लीचा माणूस झालो. म्हणजे रंगवायला मराठे माझ्याकडे आणि हायलँडर त्याच्याकडे. हा नियम दिसायला गमतीचा आहे, पण त्यानं काय होतं बघा. स्वतःसाठी रंगवत असलेला शिपाई आज नाही तर उद्या, असं म्हणत डब्यात जातो. मित्राला द्यायचा असलेला शिपाई डब्यात जात नाही. त्याचा तगादा न लावताच लागलेला असतो. आणि त्याच्या फौजेत भोंगळ रंगवलेला गोलंदाज उभा राहिलेला आपल्यालाच बघवत नाही.

कामाची पद्धत सोपी आहे. पेटीतले प्लॅस्टिकचे शिपाई साबणाच्या पाण्यानं धुवायचे, साच्याची उमटलेली रेघ ब्लेडनं खरवडायची. पेटीत मराठे नव्हते, म्हणून सोळा गोलंदाज मित्रानं बारीक तारेच्या सांगाड्यावर एम-सील चढवून घडवले. मग प्रत्येकाला बाटलीच्या बुचावर चिकटवायचं, म्हणजे धरायला बरं. आधी अस्तराचा हात. मग एकेकाला पुरा करत बसायचं नाही. आठ जण ओळीनं घ्यायचे, आठांचे चेहरे, मग आठांचे अंगरखे, मग आठांची पागोटी. सगळं झाल्यावर पातळ गडद रंगाचा एक ओघळ द्यायचा. तो घड्यांत उतरतो आणि चुण्या आपोआप दिसू लागतात. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं उंचवट्यांवर फिका रंग. हे शिपाई पाहायचे असतात हातभर लांबून. डोळ्यांची बुबुळं काढत बसलं की सप्टेंबर काही येत नाही.

टेबलाचं कामही वाटून घेतलं. थर्माकोलचे चढ मी कापले, त्यावर फेव्हिकॉल लावून चाळलेली वाळू आणि रंगवलेला लाकडाचा भुसा टाकला. नुकता पाऊस सरलेला मराठवाडा, म्हणून जमीन काळी आणि तिच्यावर हिरवं. दोडक्याच्या वाळलेल्या जाळीचे तुकडे तोडून झाडं केली. नदीला रंग मित्रानं दिला आणि वर वॉर्निशचे तीन हात. माझ्याकडे आणखी एक काम आलं, लिहिण्याचं. स्टीव्हन्सनची वृत्तपत्रं वाचून मित्रानं हट्ट धरला की आमच्या लढाईची बखर मी लिहायची, दर चालीला चार ओळी. त्याला अक्षराचा कंटाळा, मला कुंचल्याचा सराव कमी. एकाच कामात दोघांना आपापली जागा मिळाली. कला वाटून घेणं म्हणजे दोघांनी तेच काम करणं नव्हे. एकाचं जिथं संपतं तिथं दुसऱ्याचं सुरू व्हावं.

नियम मात्र एका पानात बसले पाहिजेत, असं आधीच ठरलं होतं. चाल किती, तोफेचा पल्ला किती, कोणत्या फाशाला शिपाई पडतो, बस्स. त्यात एक नियम मित्राचा. मेल्याचं सोंग घेतलेल्या गोलंदाजांवरून त्यानं सुचवला. तोफेच्या पुढं इंग्रजांची रांग निघून गेली की मराठी बाजूनं एकदाच, कोणत्याही चालीत, पडलेले दोन गोलंदाज उठवायचे आणि एक तोफ मागं फिरवायची. २३ सप्टेंबरच्या संध्याकाळी माझ्या हायलँडरांनी तीन तोफा घेतल्या. चौथीकडे वळलो तेव्हा मागच्या दोघांना त्यानं हलकेच उभं केलं. मीच रंगवलेले दोघं होते ते, एकाचं पागोटं केशरी, एकाचं हिरवं. डाव माझ्या हातून गेला आणि आम्ही दोघंही खुर्च्या सोडून उभे राहून हसलो. ज्याला हरवायचं तोच आपल्या आनंदाचा भागीदार, असा हा छंद आहे. समोर शत्रू हवा, आणि तो मित्रच असायला हवा.

भागीदारीत काळजीही घ्यावी लागते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ही जोडी अशाच युद्धखेळातून पुढं आली आणि १९७४ मध्ये त्यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. पण मोबदला आणि श्रेय यांवरून १९७९ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. आपल्या टेबलावर रॉयल्टी नसते, पण खर्च असतो, श्रेय असतं, आणि तयार फौज कोणाच्या कपाटात राहणार हा प्रश्नही असतो. हे सुरुवातीलाच बोलून घ्यावं. आमच्यात मराठे माझ्याकडे राहतात, हायलँडर त्याच्याकडे. त्यामुळे एकट्याला खेळताच येत नाही. हे मुद्दाम केलं आहे.

एक शंका अनेकांच्या मनात असेल, युद्धाचा खेळ कशाला? जगात खरी युद्धं कमी आहेत का? ही शंका वेल्सलाही होती. 'लिटल वॉर्स'च्या शेवटी तो सांगतो की तीन-चारदा हा खेळ मांडून पाहा, म्हणजे खरं मोठं युद्ध किती आंधळं आणि बेढब प्रकरण असेल ते कळेल. पुस्तक आलं १९१३ मध्ये, आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्याचं म्हणणं कोणी ऐकलं नाही, पण ते खोटं ठरलं नाही. मला तर वाटतं, एका शिपायाला चेहरा द्यायला तासभर घालवलेला माणूस 'सोळाशे' हा आकडा पुन्हा पूर्वीसारखा वाचू शकत नाही. आमच्या टेबलावर डाव संपला की पडलेले सगळे उठतात आणि बुटाच्या खोक्यात कापसावर जाऊन झोपतात. केळनेच्या काठी तसं झालं नव्हतं. सोंग घेतलेले थोडे उठले, बाकीचे तिथंच राहिले.

शेवटी माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी. पन्नाशीनंतर मित्र कमी होत नाहीत, मित्रांबरोबर करायची कामं कमी होतात. भेटलं की साखर, पेन्शन आणि पोरांच्या नोकऱ्या, आणि मग उठायचं. म्हणून सांगतो, एखादं काम काढा जे दोघांशिवाय होणार नाही. शिपाईच हवेत असं नाही. किल्ला करा, एका गावाची प्रतिकृती करा, बाहुल्या करा, हस्तलिखित काढा. फक्त आकडा लहान धरा, तारीख पक्की करा, आणि आपल्या हातचं काम मित्रासाठी करा. आमचा पुढचा बेत ठरला आहे. यंदा बाजू बदलायच्या. त्याचे हायलँडर, माझे गोलंदाज. नदीचा उतारही टेबलावर आणायचा आहे, आणि त्यासाठी आणखी बावीस शिपाई रंगवायचे आहेत. बावीसच. तेवीस नाही.